सुटे भाग आणि सचोटी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमचे एक शेजारी रुमालात काहीतरी गुंडाळून घरी आले. हवाई दलात विमानांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालेले हे गृहस्थ सांबऱ्याच्या तळावर काही काळ होते आणि पुढे बेळगावातच स्थायिक झाले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी रुमाल सोडला तेव्हा आत एक मोडकी मूठ होती. मोटारीच्या खिडकीची काच वरखाली करायला असते तशी, पण टोकाची गोळी तुटलेली.

"मास्तर, ही विमानाची आहे," ते म्हणाले. "आणि हिची जोडीदारीण आपल्याला मोटारीच्या भंगारात शोधायची आहे."

हकीकत अशी होती. एका शिक्षणसंस्थेकडे चार आसनांचे एक जुने अमेरिकन विमान विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी आले होते. ते उडणार नव्हते. सांगाडा बरा होता, पण आतले सामान कोणी ना कोणी काढून नेले होते. दाराच्या मुठी, खिडकीच्या मुठी, रक्षापात्राचे झाकण, फळीवरच्या काळ्या बेकेलाइटच्या गोळ्या, आसनांवरचे रेक्झीन यांतले काहीच धड उरलेले नव्हते. ते पुन्हा बसवून देण्याचे काम अण्णांनी हौसेने अंगावर घेतले होते. मला त्यांनी सोबतीला घेतले, कारण माझ्याजवळ वेळ होता आणि निपाणीपासून कोल्हापूरपर्यंतची जुनी माणसे माझ्या ओळखीची होती. त्या तीन-चार फेऱ्यांत आम्हांला मूठ सापडली. त्याबरोबर एक प्रश्नही सापडला. वाचकांपुढे तो ठेवावा म्हणून हा लेख.

विमानाला मोटारीचा भाग लावायचा ही कल्पना प्रथमदर्शनी थट्टेची वाटते. मलाही वाटली. परंतु अण्णांनी जे सांगितले, आणि पुढे वाचनातून जे कळले, त्यावरून ध्यानात आले की या दोन वाहनांचा शेजार फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी लहान खाजगी विमाने निघाली, त्यांच्या कारखानदारांनी दारांच्या कड्या आणि खिडक्यांच्या मुठी यांसारख्या किरकोळ वस्तूंसाठी स्वतंत्र साचे पाडण्याच्या खर्चात न पडता मोटारींना माल पुरवणाऱ्यांकडूनच त्या अनेकदा घेतल्या. ब्रिटनमधली स्मिथ्स ही कंपनी मोटारींचे वेगमापक आणि घड्याळे बनवीत असे, तशीच विमानांची उपकरणेही बनवीत असे. रेक्झीन मोटारीच्या आसनावर चढले तसे विमानाच्या आसनावरही चढले. एवढेच कशाला, १९२५ साली डी हॅविलँड कंपनीने जे 'मॉथ' विमान काढले आणि ज्याच्या वंशातले 'टायगर मॉथ' पुढे आपल्या देशातल्या कितीतरी वैमानिकांचे पहिले विमान ठरले, त्याचे इंजिनही मुळात नव्या कोऱ्या घडणीचे नव्हते. पहिल्या महायुद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरांच्या रेनो इंजिनाचा निम्मा भाग घेऊन, फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने त्यावर चार सिलिंडरांचे इंजिन उभे केले होते.

म्हणजे ज्याला आपण आदराने 'मूळ' म्हणतो, ते मुळातच उसने घेतलेले असू शकते. अण्णांच्या रुमालातली मूठ विमानात बसण्यापूर्वी कुठल्या तरी मोटारीसाठी योजलेली असण्याचा पुष्कळ संभव होता. आम्ही तिच्या जागी मोटारीची मूठ लावणार होतो त्यात परक्याला घरात घेण्यासारखे काही नव्हते; माहेरचेच माणूस येत होते.

आपण सीमाभागातल्या मंडळींनी याचे नवल करू नये. आमच्या बोलीत 'अण्णा' आहे, 'अक्का' आहे, ताटात 'तूप' आहे आणि पानाच्या डब्यात 'अडकित्ता' आहे. हे शब्द कानडीतून आले असे अभ्यासक सांगतात. ते काढून ठेवले तर आपल्या मराठीचे कोणते शुद्ध रूप हाती लागेल? आजीला हाक मारताना आणि भातावर वाढून घेताना अडखळावे लागेल, एवढेच. भाषेनेही जुने यंत्र चालू ठेवताना जो भाग चपखल बसला तो घेतला, आणि वापराने तो तिचा झाला.

बेळगावहून निपाणीकडे जाताना महामार्गावर हत्तरगी लागते. तेथील औद्योगिक क्षेत्रात २००९ पासून विमानांचे सुटे भाग तयार होतात, आणि ते एअरबससारख्या कंपनीच्या विमानांत बसतात. तेथून जाताना अण्णांनी गाडीची काच खाली केली. "इथे बनणाऱ्या प्रत्येक तुकड्याला जन्मपत्रिका असते," ते म्हणाले. धातू कोणत्या भट्टीतला, कोणत्या यंत्रावर घडला, कोणी मोजला, कोणी सही केली, हे सारे कागद त्या तुकड्याबरोबर जातात. आणि आम्ही त्याच रस्त्याने, जिला ना जन्मतारीख ना गोत्र अशी मूठ शोधायला चाललो होतो.

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या एका भंगाराच्या आवारात आम्हांला बेकेलाइटच्या दोन गोळ्या मिळाल्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींनी जुन्या फियाटच्या, म्हणजे पुढे जी 'प्रीमियर पद्मिनी' झाली त्या गाडीच्या मुठींनी भरलेला एक डबाच पुढे केला. कोल्हापूर हे या बाबतीत भाग्यवान शहर आहे. राजाराम महाराजांच्या वेळची, १९३० च्या दशकातली मेबॅक गाडी आजही तेथे दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांच्या दृष्टीस पडते. जुने यंत्र चालू ठेवण्यात प्रतिष्ठा आहे, हे तेथील कारागिरांना कोणी शिकवावे लागत नाही. डब्यातली एक मूठ आकाराने आमच्या मुठीची सख्खी बहीण शोभली. भोक मात्र मोठे होते. मिस्त्रींनी लेथवर पितळेची बारीक बुशी कातून दिली, मूठ आसावर चढवून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

प्रश्न उद्भवला तो विमानाच्या उद्घाटनाच्या आधी. संस्थेतल्या एका उत्साही गृहस्थांनी पाटी लिहून आणली होती. विमानाचे नाव, साल, आणि खाली 'अंतर्भाग संपूर्ण मूळ स्वरूपात'. अण्णांनी ती वाचली आणि शेवटची ओळ काढावी म्हणून सांगितले. ते गृहस्थ म्हणाले, "अहो, कोणाला कळणार आहे? आणि विमान तर उडायचे नाही." अण्णा म्हणाले, "कोणाला कळणार नाही, म्हणूनच लिहायला पाहिजे."

या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे.

वस्तूचे भाग बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते का, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. थीसिअसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले आणि कुजलेली एकेक फळी बदलत नेली, असे प्लुटार्कने लिहिले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढून टाकलेल्या फळ्या कोणी गोळा करून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? आपल्याकडे 'मिलिंदपञ्हा'त नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या साऱ्यांच्या आश्रयाने 'रथ' हे नाव व्यवहारात चालते. नागसेन पुढे दिव्याचा दृष्टान्त देतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नव्हे आणि वेगळीही नव्हे. तिचे सातत्य आहे.

हा विचार मनाला पटतो. परंतु अण्णांचा आक्षेप त्याहून निराळा होता. विमान तेच राहिले की नाही, याची त्यांना चिंता नव्हती. मूठ बदलली म्हणून विमान खोटे झाले, असे ते म्हणत नव्हते. त्यांच्या मते खोटे होते ते फक्त पाटीवरचे वाक्य. वस्तू 'तीच' आहे का हा एक प्रश्न आणि वस्तूविषयी आपण बोलतो ते खरे आहे का हा दुसरा. आपण बहुधा या दोहोंची गल्लत करतो. पहिल्या प्रश्नावर दोन हजार वर्षे वाद चालेल. दुसऱ्याचे उत्तर पाटी लिहिणाऱ्याला त्या क्षणी ठाऊक असते.

आपल्या देशातली दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, ते 'पस मॉथ' विमानातून. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. या वेळचे विमान 'लेपर्ड मॉथ' होते. त्याच कुळातले, पण दुसरे. कोणी त्याला नक्कल म्हटले नाही. दुसरे उदाहरण हवाई दलातल्या डाकोटाचे. भंगारात निघालेले एक डाकोटा विमान राजीव चंद्रशेखर यांनी घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवले आणि हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे स्वतः डाकोटाचे वैमानिक. २०१८ च्या मे महिन्यात ते विमान 'परशुराम' या नावाने हवाई दलात दाखल झाले. त्याच्या शेपटावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान ज्या डाकोटातून श्रीनगरला उतरले, त्याचा हा क्रमांक. 'परशुराम' हे ते विमान नव्हे, त्याचे भावंड आहे, आणि हवाई दलाने हे दाखल करतानाच उघड सांगितले. सांगितल्यामुळे त्या क्रमांकाला वंदनाचा अर्थ आला. सांगितले नसते, तर तोच रंग आणि तेच आकडे फसवणुकीचे ठरले असते.

येथे कोणी विचारील, की खिडकीच्या मुठीएवढ्या क्षुल्लक वस्तूसाठी इतका काथ्याकूट कशाला? हाच प्रश्न मी अण्णांना केला. त्यांनी मला विमानात बसवले आणि समोरच्या फळीवरचे होकायंत्र दाखवले. म्हणाले, उडत्या विमानात याच्याजवळ पोलादाचा एखादा भाग कोणी शोभेसाठी बसवला, समजा मोटारीचे रक्षापात्र, तर सुई ढळते. थोडी ढळते, पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण लांबच्या मार्गावर तेवढ्याने गाव चुकते. म्हणून असा काही बदल झाला की विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना वळवून सुई किती चुकते ते पाहतात आणि त्याचे पत्रक होकायंत्राशेजारी लावतात. आसनाच्या कापडाचेही तसेच. विमानात लावायचे कापड झटकन पेट घेत नाही ना, हे तपासलेले असावे लागते. मोटारीत शोभून दिसणारे कापड तेथे घातक ठरू शकते. आणि वजन कितीही थोडे असले तरी ते हिशेबात धरावे लागते.

जुन्या विमानांचे मूळ भाग आता मिळत नाहीत, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने १९८० पूर्वी प्रमाणित झालेल्या लहान विमानांसाठी, बाजारात मिळणारे पर्यायी भाग वापरण्याची एक वाट अलीकडच्या काळात मोकळी केली आहे. तिची कसोटी मला फार विचार करण्याजोगी वाटते. भाग कोठून आला यापेक्षा, तो निकामी झाला तर विमान सुखरूप उतरेल का, हे तेथे पाहतात. उतरणार असेल तर सवलत मिळते, परंतु तीही परवानगी घेऊन आणि विमानाच्या वहीत नोंद करून. शुद्धतेचा आग्रह तेथे सोडला आहे. जबाबदारीचा सोडलेला नाही. भाग बदला, पण कोणी, केव्हा आणि काय बदलले ते लिहा व खाली सही करा. पुढे ते विमान ज्याच्या हाती जाईल, त्याचा जीव त्या नोंदीवर अवलंबून आहे.

याउलट एक बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. काही माणसे बदल लपवतात ती लोभाने नव्हे, मायेने. जुनी वस्तू अखंड आहे असे घरच्यांना वाटत राहावे, त्यांचे मन मोडू नये, म्हणून ती गप्प बसतात. अशा मौनाला खोटेपणा म्हणायला जीभ रेटत नाही. माझीही रेटत नव्हती. परंतु आमच्या घरातच याचे एक उदाहरण घडले आहे, आणि अण्णांच्या होकायंत्रानंतर मला ते नव्याने समजले.

आमचे घराणे सहा पिढ्यांपूर्वी घाटमाथ्यावरून या भागात आले. येताना बरोबर काय आणले, तर देव्हाऱ्यातले पाच टाक. नवरात्रापूर्वी ते चिंचेने घासायचे काम घरातल्या सुनांचे. एका वर्षी कोणाच्या तरी ध्यानात आले की जोतिबाचा टाक इतरांसारखा उजळत नाही आणि हातालाही वेगळा लागतो. कुजबुज सुरू झाली. ज्या काकू आदल्या वर्षी टाक घासायला बसल्या होत्या, त्यांचे माहेर गरीब होते. कोणी उघड आरोप केला नाही. त्यांना फक्त पुन्हा कधी देव्हाऱ्याच्या कामाला बोलावले नाही. चाळीस वर्षे त्या घरात नांदल्या, सगळ्यांची दुखणी काढली, आणि नवरात्र आले की स्वयंपाकघरातच राहिल्या.

खरी गोष्ट आईने मला तिच्या अखेरच्या आजारपणात सांगितली. आजोबांच्या दुखण्यात आजीने तो टाक गहाण टाकला होता. सोडवता आला नाही, तेव्हा तिने शहापुरातल्या एका सराफाकडून जर्मन सिल्व्हरचा तसाच टाक घडवून घेतला आणि चुपचाप जागेवर ठेवला. नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या या कृत्यात मला आजही पाप दिसत नाही. त्या टाकापुढे जोडलेले हात वाया गेले असेही मी मानत नाही. श्रद्धा धातूचा कस पाहत नाही. पण तिने ते सांगितले नाही. कुजबुज सुरू झाली तेव्हाही नाही, आणि आईला सांगितले तेही शपथ घालून. देव्हाऱ्यात बसवलेल्या त्या लहानशा तुकड्याने घराची सुई ढळली आणि एक निरपराध बाई चाळीस वर्षे चुकीच्या दिशेला उभी राहिली.

म्हणून आता मला वाटते की बदललेल्या भागाचा दोष भागात नसतो. जुने टिकवायचे तर बदलावे लागणारच. वाडा असो, भाषा असो, विमान असो, आज जसेच्या तसे काहीच राहिलेले नाही आणि राहणार नाही. मूळचे शोधत बसलो तर हाती रुमालातली मोडकी मूठ येईल. आपल्या हाती इतकेच आहे की जे बदलले ते नीट बसवावे, आणि बदलले हे सांगावे. न सांगितलेल्या बदलाची किंमत बहुधा तिसराच कोणीतरी भरतो, आणि ती त्याला का भरावी लागली हे त्याला कधीच कळत नाही.

त्या विमानातली पाटी बदलली. आता तिच्याखाली एक छोटे पत्रक आहे. खिडकीची मूठ जुन्या फियाटची, बुशी कोल्हापुरात कातलेली. फळीवरच्या दोन गोळ्या निपाणीच्या भंगारातल्या. आसनांचे रेक्झीन नवे. मुले ते पत्रक वाचतात आणि मग मूठ हाताने फिरवून पाहतात. अण्णा सांगतात, पत्रक लागल्यापासून मुले जास्त वेळ आत बसतात.

उद्घाटन आटोपून घरी आलो आणि आमच्या घराण्याची जुनी वही काढली. तीत जन्म, लग्ने, जमिनींचे व्यवहार आणि देवांची नावे पूर्वजांनी लिहून ठेवली आहेत. टाकांच्या पानावर 'पाच, रुप्याचे' एवढेच आहे. त्याखाली मी लिहिले : यांपैकी जोतिबाचा टाक आजोबांच्या आजारपणात आजीने गहाण टाकला, तो सुटला नाही, सध्याचा टाक जर्मन सिल्व्हरचा असून तो तिनेच शहापुरात करवून घेतला. काकूंचा यात काहीही संबंध नव्हता. खाली तारीख घातली आणि सही केली.

काकू जाऊन अकरा वर्षे झाली आहेत.